ऑफिसचा मेल सर्व्हर बदलला आणि आउटलुक अडलं : दोष कुठे आहे ते कसं शोधायचं?



शाळा-कॉलेजच्या कार्यालयात आता परिपत्रकं, शिष्यवृत्तीच्या त्रुटींची यादी, परीक्षेचं वेळापत्रक असं बरंच काही ई-मेलवर येतं. अशा वेळी संस्थेने मेल सर्व्हर बदलला की दोन-चार दिवस एकच गोंधळ उडतो. "मेल येत नाहीये", "पासवर्ड बरोबर टाकला तरी घेत नाही", "माझे जुने मेल कुठे गेले?" ही वाक्यं टेबलाटेबलावर ऐकू येतात. यातला बहुतेक त्रास दोष नेमका कुठे आहे हे न पाहता सेटिंग बदलत बसल्यामुळे वाढतो. म्हणून आजचा पाठ.

आधी संकल्पना

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आपला ई-मेल पत्ता, मेल साठवणारा सर्व्हर आणि ते मेल दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे आउटलुक किंवा थंडरबर्ड. असं समजा, की घराचा पत्ता तोच आहे, पण टपाल आता दुसऱ्या पोस्ट ऑफिसातून येणार आहे. पोस्टमनला नवं ऑफिस कळायला हवं, तसंच आपल्यालाही पत्र आणायला कुठे जायचं ते कळायला हवं. सर्व्हर बदलताना या दोन्ही बाजूंना गडबड होऊ शकते.

पहिली चाचणी : ब्राउझर

आउटलुकला हात लावण्याआधी ब्राउझरमध्ये नव्या सर्व्हरचं वेबमेल उघडा. जुना बुकमार्क वापरू नका, तो जुन्याच सर्व्हरवर नेईल. आता तीन शक्यता उरतात.

१. वेबमेल उघडतं आणि नवे मेल दिसतात. म्हणजे सर्व्हर ठीक आहे, दोष आपल्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये आहे.
२. वेबमेल उघडतं, पण नवे मेल नाहीत. म्हणजे मेल अजून इथवर पोचतच नाहीत.
३. वेबमेलच उघडत नाही. म्हणजे खातं, पासवर्ड किंवा सर्व्हर यांचा प्रश्न आहे. तो ॲडमिनने पाहायचा.

मेल पोचत नाहीत, कारण...

एखाद्या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचे हे एमएक्स नोंदीत लिहिलेलं असतं. ही नोंद जगभरचे सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. त्या काळाला टीटीएल म्हणतात. टीटीएल ३६०० असेल तर नोंद बदलल्यावरही एक तासापर्यंत मेल जुन्या सर्व्हरकडे जाऊ शकतात. म्हणून जाणकार ॲडमिन बदलाच्या एक-दोन दिवस आधीच तो ३०० सेकंदांवर आणतात आणि जुना सर्व्हर लगेच बंद करत नाहीत. तुमचा मेल दिसत नसेल तर जुनं वेबमेलही एकदा उघडून पाहा, तिथे असू शकतो. सर्व्हर थोडा वेळ बंद असला तरी घाबरू नका. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या नियमावलीत हे प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालू ठेवावेत असं सांगितलं आहे.

आपण पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडत असतील, तर डोमेनच्या एसपीएफ नोंदीत नव्या सर्व्हरचं नाव घातलं आहे का, हे ॲडमिनला विचारा.

आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतं

आउटलुक बहुधा अजून जुन्याच सर्व्हरचं दार ठोठावत असतं, किंवा जतन केलेला जुना पासवर्ड वापरत असतं. क्रमाने हे तपासा :

- इनकमिंग आणि आउटगोइंग, दोन्ही सर्व्हरची नावं नवी आहेत का?
- पोर्ट बरोबर आहेत का? सुरक्षित आयमॅपसाठी ९९३, पॉप३ साठी ९९५ आणि पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे नेहमीचे आकडे.
- विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढली का?
- कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का? ती चुकली की सुरक्षा प्रमाणपत्राची सूचना येते. प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही असं दिसलं तर 'हो' दाबून पुढे जाऊ नका, सर्व्हरचं नाव पुन्हा तपासा.

जुने मेल गेले?

इथे सगळ्यात जास्त सांभाळा. पॉप पद्धतीत मेल कॉम्प्युटरवर उतरतात आणि अनेकदा सर्व्हरवरून पुसले जातात. ते आउटलुकच्या पीएसटी फाईलमध्ये असतात. तुमची एकमेव प्रत तीच असू शकते! आयमॅपमध्ये उलट असतं. मूळ मेल सर्व्हरवर असतात आणि कॉम्प्युटरवर फक्त त्यांचं प्रतिबिंब असतं. आयमॅप खातं रिकाम्या नव्या सर्व्हरला जोडलं, तर आउटलुकही रिकामं दिसू लागतं.

म्हणून नियम एकच : प्रत घेतल्याशिवाय जुनं खातं किंवा प्रोफाइल काढायचं नाही. आधी मेल पीएसटी फाईलमध्ये एक्स्पोर्ट करा, ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि उघडते का ते पाहा. मग जुन्याला हात न लावता नवं प्रोफाइल तयार करा. आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल आणि ड्राफ्टही विसरू नका, ते सर्व्हरवर नसू शकतात.

सहकाऱ्याला पाठवलेला मेल परत येतो

बाहेर मेल जातात, पण शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना पाठवलेला परत येतो! संस्थेत आधी एक्स्चेंज सर्व्हर असेल तर हे घडतं. आउटलुकने नावामागे ई-मेल पत्त्याऐवजी जुन्या सर्व्हरची अंतर्गत ओळख लक्षात ठेवलेली असते. नाव टाइप करताना येणाऱ्या सूचनेसमोरची फुली दाबून ती काढा आणि पूर्ण पत्ता हाताने लिहा. जुन्या मेलला उत्तर देतानाही हेच करा.

हेही विसरू नका

मोबाइलवरचं खातं वेगळं बदलावं लागतं. स्कॅन करून थेट मेल करणाऱ्या झेरॉक्स मशीनमध्येही जुन्या सर्व्हरचं नाव असतं. आणि याच दिवसांत "तुमचा मेलबॉक्स हलवत आहोत, इथे पासवर्ड भरा" असे फसवे मेल येऊ शकतात. अशा लिंकवर पासवर्ड भरू नका, ॲडमिनला फोन करून खात्री करा.

स्वाध्याय

१. वेबमेलमध्ये नवा मेल दिसतो, आउटलुकमध्ये नाही. दोष कुठे? का?
२. तुमच्या कार्यालयातलं खातं पॉप आहे की आयमॅप, ते शोधून वहीत नोंदवा.
३. मुलांना विचारा : पत्ता न बदलता पोस्ट ऑफिस बदललं, तर कोणाकोणाला कळवावं लागेल? यादी करून घ्या आणि ती मेल सर्व्हरशी जुळवून पाहा.