ग्राफिक्स कार्ड बदलता येणारा वर्कस्टेशन लॅपटॉप: जास्तीचे पैसे नेमके कशासाठी द्यायचे?



कॅड, थ्रीडी रेंडर आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न नेहमी येतो: "सर, असा लॅपटॉप सांगा की ज्याचं ग्राफिक्स कार्ड नंतर बदलता येईल." व्हिडिओत यावर थोडक्यात बोललो, इथे जरा सविस्तर बघू. वही-पेन घेऊन बसा, शेवटी हिशोब आहे.

आधी एक वाक्य लिहून घ्या: सुट्या कार्डाचा खरा फायदा दुरुस्तीत होतो, वेग वाढवायला ते क्वचितच कामी येतं. आता हे असं का, ते पाहू.

१. सुटं कार्ड म्हणजे काय?

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. चिप गेली की सहसा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. याला पर्याय म्हणून एमएक्सएम नावाचं मानक आलं. त्यात चिप आणि तिची मेमरी एका छोट्या वेगळ्या कार्डावर असते आणि ते कार्ड स्लॉटमध्ये बसतं. एमएक्सएम ३.० मध्ये टाइप-ए कार्ड ८२ बाय ७० मिलिमीटरचं, तर टाइप-बी ८२ बाय १०५ मिलिमीटरचं.

डेल प्रिसिजन एम६८००, ७७१० आणि ७७२०, एचपी झेडबुक १७ ची सुरुवातीची मॉडेल्स, लेनोव्हो थिंकपॅड पी७० ही याची उदाहरणं. सगळी १७ इंची, जाड आणि जड यंत्रं. २०१८ मध्ये डेलने प्रिसिजन ७७३० साठी एमएक्सएम सोडून डीजीएफएफ हा स्वतःचा आकार आणला. कार्ड सुटंच राहिलं, पण जुनं एमएक्सएम कार्ड त्यात बसत नाही.

२. चिप मुळात जाते कशामुळे?

उष्णतेमुळे. रेंडर लावला की चिप तापते, संपला की थंड होते. तापली की फुगते, थंड झाली की आकसते. हे हजारो वेळा झालं की चिपखालचे सोल्डरचे बारीक ठिपके तडकू लागतात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००८ चं. एनव्हिडियाने जुलै महिन्यात जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या काही चिपच्या पॅकेजिंगमधलं साहित्य कमकुवत निघालं आहे, आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. ॲपलनेही २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमधल्या ग्राफिक्सच्या बिघाडासाठी २०१५ मध्ये मोफत दुरुस्ती सुरू केली. या मॅकबुकमध्ये चिप बोर्डवरच सोल्डर होती, त्यामुळे बदलायचा तो लॉजिक बोर्ड.

इथे एक सावधगिरी. "चिप तापवून देतो, रीबॉलिंग करून देतो" असं कोणी म्हटलं तर थांबा. रीबॉलिंगमध्ये चिपचं पॅकेज आणि बोर्ड यांच्यामधलं सोल्डर बदलतात. तडा पॅकेजच्या आत असेल तर तो तसाच राहतो. यंत्र काही दिवस चालतं आणि नेमकं डिलिव्हरीच्या आदल्या रात्री पुन्हा बसतं.

३. मग नवं, मोठं कार्ड का टाकता येत नाही?

स्लॉट असला तरी चार गोष्टी आडव्या येतात:

- थंडावा: हीटसिंक जुन्या कार्डाच्या मापाचा असतो. मोठं कार्ड जास्त तापतं.
- वीज: ॲडॉप्टर आणि बोर्ड किती वॅट देऊ शकतात, ते आधीच ठरलेलं असतं.
- बायोस: काही यंत्रं अनोळखी कार्ड स्वीकारतच नाहीत.
- आकार: पुढच्या पिढीत कंपनी कनेक्टरच बदलते.

२०१९ चा एलियनवेअर एरिया-५१एम हा गेमिंग लॅपटॉप कार्ड बदलता येईल असं सांगून बाजारात आला. पुढच्या पिढीचं कार्ड त्यात बसत नाही, अशी तक्रार करणारा दावा २०२१ मध्ये अमेरिकेत दाखल झाला. दुसरी बाजूही सांगतो. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ साठी आधी रेडिऑन आरएक्स ७७००एस चं मॉड्यूल होतं, आणि २०२५ मध्ये त्याच यंत्रासाठी आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर झालं. म्हणजे हे शक्य आहे, फक्त कंपनीने पुढचा भाग खरोखर बाजारात आणायला हवा. पुढे येईल या भरवशावर आज पैसे मोजू नका. आज मिळतंय तेवढंच धरा.

४. विश्वासार्हतेसाठी काय बघायचं?

तुमच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने ते मॉडेल आणि तो ड्रायव्हर प्रमाणित केलाय का, हे पहिलं. सॉलिडवर्क्स, ऑटोडेस्क अशा कंपन्यांच्या साइटवर याद्या असतात. दुसरं, तासभर पूर्ण लोडवर चालवल्यावर वेग टिकतो का. तिसरं, चूक पकडणारी ईसीसी मेमरी तुमच्या कामाला लागते का. आणि चौथं, जागेवर येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी किती वर्षांची आहे.

५. आता हिशोब

समजा लॅपटॉप २,००,००० रुपयांचा. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा धरतात. पूर्ण वर्षाचा घसारा धरला तर पुस्तकी किंमत अशी उतरते: पहिल्या वर्षाअखेर १,२०,०००, दुसऱ्या ७२,०००, तिसऱ्या ४३,२००.

चौथ्या वर्षी, वॉरंटी संपल्यावर चिप गेली. समजा बोर्डाचा खर्च ७०,००० आणि सुट्या कार्डाचा २५,०००. ४३,२०० च्या यंत्रात ७०,००० कोण घालेल? यंत्र अडगळीत जाणार. पण २५,००० घालून ते आणखी दोन वर्षं चालणार असेल तर विचार करण्यासारखं आहे.

यात बंद दिवसांचं नुकसान धरा. रोजचं काम ४,००० रुपयांचं असेल आणि यंत्र ८ दिवस बंद राहिलं, तर ३२,००० रुपये तिथेच गेले. शिवाय ग्राहक नाराज, ते वेगळंच. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. सुट्या कार्डाच्या मॉडेलसाठी किती जास्त मोजायचे, ते यातूनच ठरेल. आणि वॉरंटी पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळत असेल तर तिचा खर्चही शेजारी मांडा. बऱ्याचदा तोच सौदा स्वस्त पडतो.

विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न

१. ग्राफिक्स सोल्डर आहे की सुटं?
२. सुटं असेल तर कार्डाचा पार्ट नंबर आणि आजची किंमत काय?
३. याच मॉडेलसाठी कंपनीने कुठकुठली कार्डं दिली आहेत?
४. जागेवर सेवा किती वर्षं, आणि आमच्या पिनकोडला मिळते का?
५. पार्ट यायला किती दिवस लागतात?

उत्तरं तोंडी घेऊ नका, कोटेशनवर लिहून घ्या. "होईल हो साहेब" याला वॉरंटी नसते.

आजचा गृहपाठ: तुमच्या सध्याच्या यंत्राचं मॉडेल, वॉरंटीची शेवटची तारीख आणि एका बंद दिवसाचं नुकसान, या तीन गोष्टी आजच वहीत लिहा. तिसरा आकडा लिहिल्याशिवाय नवा लॅपटॉप बघायला जाऊ नका.