सारखी दिसणारी गांडुळं खरंच एकाच जातीची?

प्रश्न : आमच्या शेतात एका बाजूला ऊस आहे, पलीकडे कित्येक वर्षांत न नांगरलेलं गवताळ रान. दोन्हीकडची गांडुळं सारखीच दिसतात. डीएनए तपासणीत फरक कळेल का?

उत्तर : कळू शकेल. डोळ्यांवर मात्र फार विसंबू नका. युरोपातलं ‘लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस’ हे कदाचित सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं गांडूळ. २०१० मध्ये डीएनए बारकोडिंगमुळे, म्हणजे जनुकाच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखण्याच्या पद्धतीमुळे, त्या नावाखाली दोन जाती वावरत असल्याचं दिसलं! पिल्लांची ओळख तर आणखी अवघड. प्रौढ गांडुळाच्या अंगावरचा जाड पट्टा त्यांना नसतो, तरीही ‘सीओआय’ या जनुकाच्या तुकड्यावरून जात ठरवता येते.

पावसाळ्यात, माती ओली असताना, दोन्हीकडे २५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे सारख्या संख्येने खड्डे घ्या. गांडुळं मोजा, धुवा आणि निम्मी ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. या निम्म्यांना फॉर्मॅलिन लावू नका, त्याने डीएनए खराब होतो. उरलेली गांडुळं शरीररचना पाहणाऱ्या जाणकारासाठी ठेवा. डीएनए आणि शरीररचना या दोन्हींची सांगड लागतेच, कारण आपल्याकडच्या अनेक जातींचे नमुने डीएनएच्या तुलनेसाठी लागणाऱ्या संदर्भसंचात अजून नाहीत.

नुसत्या मातीतूनही डीएनए काढता येतो, पण मेलेल्या गांडुळाचा डीएनएही तिथे काही काळ टिकतो आणि नेमकी संख्या कळत नाही. म्हणून खड्डे टाळू नका.

आणखी एक, उसात गांडूळखत टाकत असाल तर तसं नोंदवा. त्यातलं ‘आयसेनिया फेटिडा’ हे गांडूळ मूळचं परदेशी आहे आणि ते उसातल्या नमुन्यांत मिसळू शकतं.