‘चार तास आरामात!’
आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा चुका पदरात घ्या. मी ‘बॅटरीची धारकता’ असं लिहिलं होतं. सर म्हणाले, धारकता कपॅसिटरची, बॅटरीची ती क्षमता. असो.

गेल्या महिन्यात शेजारच्या रूममधली फर्स्ट इयरची मुलगी फायनलच्या एका ताईचा तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप घेणार होती. किंमत १८,००० रुपये. ताई म्हणाली, ‘‘बॅटरी चार तास आरामात जाते.’’ पैसे घरून एकदाच आले होते, परत मागायची सोय नव्हती. म्हणून आधी लॅपटॉपचीच परीक्षा घ्यायची ठरवली.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ टाईप केलं की एक फाईल तयार होते. त्यात दोन आकडे बघायचे, बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची. आमच्याकडे निघाले ४१ आणि २४.६ वॉट-अवर. म्हणजे ६० टक्केच शिल्लक!

पण हा आकडा बॅटरीने स्वतःच लावलेला अंदाज असतो, त्यामुळे खरी टेस्ट हवीच. इथे एक गंमत आहे. कंपनीचे तास बऱ्याचदा कमी ब्राइटनेसवर व्हिडिओ लावून मोजलेले असतात. व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरमध्ये वेगळा भाग असतो, तो फार कमी वीज खातो. आपण काय दिवसभर पिक्चर बघतो? (उत्तर देऊ नका, रेक्टर मॅडमही हा अंक वाचतात.) म्हणून आम्ही आपलं रोजचं काम लावलं: ब्राइटनेस निम्मा, वायफाय चालू, ब्राउझरमध्ये आठ टॅब, एक पीडीएफ आणि मधूनमधून कोडिंग. स्क्रीन आपोआप बंद होणं काढून टाकलं आणि दर दहा मिनिटांनी वहीत टक्के लिहिले.

रात्री ९ ला सुरुवात केली. दीड तासात ६४ टक्के गेले, म्हणजे १५.७ वॉट-अवर. दीडने भागलं की सरासरी १०.५ वॉट. या हिशेबाने २४.६ वॉट-अवर दोन तास वीस मिनिटं पुरायला हवे होते. प्रत्यक्षात १०.५० ला, २२ टक्के दिसत असताना, लॅपटॉप धाडकन बंद पडला. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. मध्येच लोड वाढला की व्होल्टेज एकदम कोसळतं आणि मशीन हात वर करतं. नेमकं सबमिशनच्या रात्री असं झालं असतं तर?

आता ४१ ला १०.५ ने भागून बघा. ३.९ तास! म्हणजे ताईचे चार तास खरेच होते, फक्त तीन वर्षांपूर्वीचे.

स्पीडचंही थोडं सांगते. माझा मिनी प्रोजेक्ट चार्जर लावून ४८ सेकंदांत कंपाईल झाला, बॅटरीवर ९१ लागले. वीज वाचवायला प्रोसेसर आपला वेग कमी करतो, त्यामुळे दोन्ही प्रकारे मोजायचंच. चार्जरवर सलग पाच वेळा केल्यावर मात्र ४८ चे ७० झाले. पंख्यात धूळ बसली होती, आणि मशीन तापलं की वेग उतरतो. हा दोष किरकोळ आहे, ब्रशने साफ केल्यावर ५२ वर आलं.

वही घेऊन ताईकडे गेलो तेव्हा पोटात गोळा आला होता. सीनियरला खोटं ठरवायचं म्हणजे काय! पण तिलाच आश्चर्य वाटलं. तिचा लॅपटॉप कायम चार्जरवर, तोही गादीवर ठेवलेला. सतत १०० टक्के चार्ज आणि उष्णता या दोन्हींनी लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. तिला हे कळायचं कारणच नव्हतं, वायर कधी काढलीच नव्हती.

तिने ३,००० रुपये कमी केले. त्यातून नवी बॅटरी मागवली आहे. आली की त्याच आठ टॅबवर पुन्हा टेस्ट घेणार, वही जपून ठेवली आहे.