वादळाचा माग

वादळ हे एखाद्या वाटसरूसारखे असते. त्याला उगम असतो, वाट असते, वेग असतो आणि अखेर विसाव्याचे ठिकाणही असते. मात्र हा वाटसरू आपल्या आगमनाचे पत्र आधी धाडीत नाही. म्हणून त्याची चाहूल घेणारी, त्याच्या पाऊलखुणा टिपून ठेवणारी आणि पुढच्या गावाला वेळीच सावध करणारी माणसे लागतात. अशा माणसांची व त्यांच्या विद्येची ही हकीकत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना वारा आणि वादळ यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. वैशाखात माळरान तापले की धुळीची वावटळ गरगरत उठते, पालापाचोळा उंच नेते आणि क्षणार्धात विरून जाते. तिच्यामागे धावण्यात मौज वाटते. पण वळवाचे वादळ म्हणजे केवळ मौज नव्हे. दिवसभर तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते. उंचावर ती थंड होते, तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू बनतात आणि पाहता पाहता काळ्या मेघांचा डोंगर उभा राहतो. त्याचा माथा पुष्कळदा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरट दिसतो. पुढे पाऊस पडू लागला म्हणजे त्यातील काही थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. त्यामुळे भोवतालची हवा गार व जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पाऊस येण्यापूर्वी अंगाला लागणारा थंड वाऱ्याचा झोत तो हाच. याच झोताने घरावरील पत्रे उडतात आणि झाडे उन्मळून पडतात.

आता हे वादळ कोणत्या दिशेने व किती वेगाने चालले आहे, हे कसे ओळखावे? याला मोठ्या यंत्राचीच गरज आहे असे नाही. एक घड्याळ, एक वही आणि दोन गावांतील दोन दक्ष माणसे एवढी सामग्री पुरते. समजा, दारव्हा येथील एका विद्यार्थ्याने दुपारी ३ वाजता थंड झोत आल्याची नोंद केली आणि यवतमाळच्या विद्यार्थ्याने तोच झोत ४ वाजता अनुभवला. या दोन गावांतील सरळ अंतर सुमारे ३७ किलोमीटर आहे. म्हणजे वादळ ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत आहे. यवतमाळच्या पूर्वेस कळंब गाव सुमारे २२ किलोमीटरवर आहे. वादळाने आपली दिशा व वेग सोडला नाही, तर ते सुमारे ३६ मिनिटांनी कळंबला पोहोचेल. छत्तीस मिनिटे हा काळ थोडा वाटतो. परंतु तेवढ्या वेळात शेतातील माणसे घरी येऊ शकतात, जनावरे झाडाखालून सोडवून गोठ्यात आणता येतात. वादळ वाटेत वळते किंवा विरून जाते, असेही घडते. तेव्हा हा अंदाज आहे, भविष्यवाणी नाही, हे विसरू नये.

हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर वापरणारा एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात होऊन गेला. त्याचे नाव हेन्री पिडिंग्टन. पूर्वायुष्यात तो जहाजावर होता. समुद्रात वादळ होऊन गेले की त्यात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशा तो मिळवी. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी, वारा कोणत्या दिशेने वाहत होता, याच्या नोंदी तो नकाशावर मांडी. अशा असंख्य नोंदी जुळविल्यावर त्याला दिसून आले की, ही वादळे सरळ वाहत नाहीत. सापाने वेटोळे घालावे तसा वारा एका केंद्राभोवती फिरत असतो. म्हणून १८४८ साली त्याने वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अशा वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव दिले. आपण त्यालाच चक्रीवादळ म्हणतो. खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथासोबत त्याने शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या दिल्या. त्यांवर वाऱ्याची वर्तुळे आखलेली होती. कप्तानाने चकती नकाशावर ठेवावी आणि वादळाचे केंद्र टाळून आपले जहाज न्यावे, असा त्यांचा उपयोग होता.

त्या काळी सरकार कोलकात्याजवळ मातला नदीच्या काठी कॅनिंग नावाचे नवे बंदर वसवू पाहत होते. पिडिंग्टनने १८५३ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांस पत्र लिहून कळविले की, ही जागा वादळात उसळणाऱ्या समुद्राच्या तोंडी आहे. त्याच्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८५८ साली तो निवर्तला. पुढे १८६४ साली कोलकात्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे ६०,००० माणसे प्राणांस मुकली आणि १८६७ सालच्या वादळाने कॅनिंग बंदराची धूळधाण केली. अशा आपत्तींनंतर आणि दुष्काळांच्या अनुभवानंतर १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. विखुरलेल्या नोंदी एके ठिकाणी याव्यात, हा तिचा एक मुख्य हेतू होता.

आता आपल्या राज्यातील अलीकडचे उदाहरण पाहू. जून २०२० च्या आरंभी अरबी समुद्रातील कमी दाबाच्या क्षेत्राचे चक्रीवादळ बनले. बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळाले. आकाशातून उपग्रह त्याची छायाचित्रे घेत होते. किनाऱ्यावरील रडार यंत्रे रेडिओ लहरी सोडून, पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून त्याचा ठाव घेत होती. हवामानाचा छंद असणारे अनेकजण आपापल्या घरी वायुभारमापकातील उतरता दाब व वाऱ्याची बदलती दिशा टिपत होते. ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेस या वादळाने किनारा ओलांडला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले. तथापि इशारा आधीच मिळाल्यामुळे हजारो लोकांना सुरक्षित स्थळी नेता आले होते, आणि एवढ्या मोठ्या वादळाच्या मानाने जीवितहानी फार थोडी झाली. झाडांना स्थलांतर करता येत नाही. माणसांना येते, पण त्यांना वेळीच कळले तरच.

समुद्र सुटताच वादळाचे अन्न तुटले. उबदार पाण्यातून मिळणारी उष्णता व बाष्प थांबले; डोंगर आणि जमीन यांच्या घर्षणाने वारा मंदावला. ईशान्येकडे सरकत सरकत ते ४ जूनच्या सकाळी दुबळे होऊन पश्चिम विदर्भावर आले आणि पुढे आणखी ओसरत मध्य प्रदेशाकडे गेले. समुद्रातून निघालेला हा वाटसरू थकून भागून अशा रीतीने वऱ्हाडच्या अंगणात आला.

अशा वेळी केंद्र कोठे आहे हे घरबसल्या ओळखण्याची एक सोपी खूण हॉलंडमधील शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ साली सांगितली. मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. आपण पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात राहतो. म्हणून कमी दाबाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूस असते. केंद्र अकोल्याच्या बाजूस, म्हणजे यवतमाळच्या वायव्येस असेल, तर यवतमाळात वारा साधारणपणे दक्षिण ते नैर्ऋत्य या दिशांकडून येईल. ही खूण मोठ्या वादळांपुरतीच खरी आहे. वळवाच्या लहान वादळाला ती लावू नये.

वादळाचा माग काढणाऱ्याने एक नियम कदापि मोडू नये: आधी सुरक्षितता, मग नोंद. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांना तीनने भागावे. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे अंतर दहा किलोमीटरहून कमी झाले, की पक्क्या घरात जावे. एकाकी झाडाखाली आसरा घेणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. नोंदवही खिडकीच्या आतूनही भरता येते.

मुलांनो, वारा अडविण्याचे सामर्थ्य माणसाच्या अंगी नाही. परंतु त्याची वाट ओळखून दुसऱ्याला हाक देण्याचे सामर्थ्य आहे. पिडिंग्टनने जुळविलेल्या रोजनिशा ज्यांनी लिहिल्या, त्या खलाशांची नावे आज कोणी सांगत नाही; पण भर तुफानातही त्यांनी वेळ व दिशा प्रामाणिकपणे लिहिली, म्हणून पुढच्या खलाशांना वाट सापडली. तुमच्या वहीतील एक खरी नोंदही अशीच कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

शब्दार्थ
ऐरण – तापलेले लोखंड ज्यावर ठेवून ठोकतात तो लोखंडी ठोकळा. रोजनिशी – दररोजची नोंदवही. वायुभारमापक – हवेचा दाब मोजण्याचे यंत्र. निवर्तणे – मरण पावणे. धूळधाण – संपूर्ण नाश.

स्वाध्याय
१. पाऊस येण्यापूर्वी थंड वाऱ्याचा झोत का येतो?
२. पिडिंग्टनने चक्रीवादळाचे स्वरूप कशावरून ओळखले?
३. ‘समुद्र सुटताच वादळाचे अन्न तुटले,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. वीज चमकल्यानंतर १२ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती अंतरावर पडली? तुम्ही काय कराल?
५. वाक्यांत उपयोग करा: चाहूल घेणे, प्राणांस मुकणे, ठाव घेणे.
६. उपक्रम: एक आठवडा रोज सकाळी व सायंकाळी वाऱ्याची दिशा आणि ढगांचे रूप वहीत नोंदवा व शेजारच्या गावातील मित्राच्या नोंदींशी ताडून पाहा.