आधी रात्री मोजा

दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की साताऱ्या-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत हल्ली एक विषय निघतो. यंदा तुमच्याकडेही निघेल. कॉलेजातला मुलगा किंवा पुण्यात नुकतीच नोकरीला लागलेली लेक जेवता जेवता मोबाइल पुढं करते. पडद्यावर बर्फ, पिवळे तंबू, मागं शिखर. "आई, सगळे चाललेत. आठ-नऊ दिवसांत होतंय." मग तुमचे प्रश्न सुरू होतात. पैसे किती, बरोबर कोण, मुली किती आहेत, जेवणाचं काय, थंडी सोसेल का? सगळे रास्तच आहेत. पण ज्यावर सगळं अवलंबून आहे तो प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार?

मी डॉक्टर नाही. पोरांना डोंगरात घेऊन जाणारा माणूस आहे, आणि आईबाबांशी बोलायची वेळ माझ्यावर वरचेवर येते. म्हणून हे जरा सविस्तर.

आपल्या डोंगरांनी आपल्याला बरंच शिकवलंय, पण ही एक गोष्ट त्यांना शिकवताच येत नाही. सातारा शहर 700 मीटरच्या आसपास, अजिंक्यतारा 1,000च्या आसपास, सांगली तर त्याहून खाली. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाईसुद्धा 1,646 मीटर. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण 2,500 मीटरच्या पुढं. म्हणजे रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाणारा असो, नाहीतर दर शनिवारी जरंडेश्वराचा मारुती गाठणारा, त्याच्या शरीराची ही परीक्षा आजवर झालेलीच नसते. ती इथं राहून होतही नाही.

वर नेमकं काय होतं? हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडं सारखाच, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर प्रत्येक श्वासात आपल्याला इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऑक्सिजन मिळतो. त्याच दाबामुळं तिथं पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात डाळ काही केल्या शिजत नाही. शरीर यावर मार्ग काढतं. श्वास जलद होतो, लघवी वाढते, रक्तातलं आम्ल-अल्काचं गणित दोन-तीन दिवसांत नव्यानं बसतं. या दोन-तीन दिवसांना दुसरा पर्याय नाही. झोपेत श्वास मंदावतो आणि ऑक्सिजन आणखी खाली जातो, म्हणून दिवसा किती उंच चढलो यापेक्षा रात्री कुठं झोपलो याला जास्त महत्त्व. जगभरचे डॉक्टर सांगतात तो नियमही रात्रीचाच आहे. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची.

इथं पालक मला थांबवतात. "आमचा तालमीत जातो हो, त्याला काय होतंय?" किंवा "तिनं हिल मॅरेथॉन काढलीय." यवतेश्वराचा घाट पळत चढणाऱ्या पोरांचं मला कौतुक आहे. 2012 पासून त्या स्पर्धेनं साताऱ्याला पळायचं वेडच लावलंय. पण तयारीचं शरीर विरळ हवेपासून वाचवत नाही. उलट धट्टीकट्टी पोरं भराभर चढतात, डोकं दुखायला लागलं तरी मित्रांपुढं बोलत नाहीत, आणि आजारी पडतात. मला काळजी धापा टाकत मागून येणाऱ्याची नसते, सगळ्यात पुढं पळणाऱ्याची असते.

आपल्या साताऱ्याच्याच प्रियांका मोहितेचं उदाहरण घ्या. 2013 मध्ये एव्हरेस्ट, 2021 मध्ये अन्नपूर्णा, 2022 मध्ये कांचनगंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणारी ती पहिली भारतीय महिला. तिचे फोटो तुमच्या पोरांच्या मोबाइलमध्ये असतात. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की एव्हरेस्टच्या मोहिमेला जवळजवळ दोन महिने लागतात, आणि त्यातला बराच काळ थोडं वर जा, खाली ये, झोप, पुन्हा जरा जास्त वर जा, यातच जातो. तिच्या तोडीच्या माणसांनासुद्धा ते दिवस चुकवता येत नाहीत. आपल्या पोरांना नऊ दिवसांत कसे चुकवता येतील?

आता नऊ दिवसांचा हिशेब. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान काढा, उलटं करा आणि पोराला शेजारी बसवून लिहा. समजा उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर ठरलंय, कारण आपल्याकडची निम्मी पोरं आधी तिथंच जातात. उंची 3,810 मीटर, पायथ्याचं गाव सांक्री, साधारण 1,950 मीटर. शुक्रवारी रात्री मिरजेला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत, रविवारी पहाटे दिल्ली. रात्री देहरादून. तिथून सांक्री जेमतेम दोनशे किलोमीटर, पण डोंगरी रस्त्यानं सगळा दिवस जातो, सोमवार गेला. परतीला शनिवारी सांक्री सोडलं तर पोरगं सोमवारी रात्री घरी. हातात राहिले मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस. हा ट्रेक सांक्रीपासून चार दिवसांचाच असतो. म्हणजे गाडीला उशीर, दरड, पाऊस, एखाद्याचं डोकं दुखणं यांपैकी कशालाच जागा नाही. आणि नऊ दिवसांचे दहा कधी झाले ते कळलंही नाही.

हे पान भरल्यावर बोलणं सोपं होतं. एका बाजूनं पुण्याहून दिल्लीला विमान केलं तर एक-दीड दिवस हाती येतो. विमानाला वरचे पैसे लागतात हे खरं. पण नवं जॅकेट आणि हजारोंचे बूट घ्यायला आपण तयार होतो, ते भाड्यानंही मिळतात. दिवस भाड्यानं मिळत नाही. वाचलेला दिवस मात्र राखीवच ठेवायचा. त्यात ऋषिकेश-मसुरी बसवायला लागलात तर राखीव कसला?

विमान परवडत नसेल किंवा रजाच तेवढी असेल, तर उंची कमी करायची. दिवस कापून उंची तशीच ठेवायची नाही, एवढं एक माझं ऐका. सांक्रीहूनच हर की दूनची वाट निघते. ती दरीतून जाते, 3,566 मीटरपर्यंत, चढ सावकाश. पूर्ण करायला एखादा दिवस जास्त लागेल, पण तिथं गाठायला शिखर नाही. तीन दिवस चालून अर्ध्यातून फिरलं तरी वाटेतली गावं, नदी, देवदार हे सगळं पाहून झालेलं असतं. शिखर अर्ध्यावर सोडणं मात्र विशीतल्या पोराच्या जिवावर येतं. पहिल्या खेपेला मी दरीचीच वाट सुचवतो. पोरं नाक मुरडतात, फोटो तेवढा भारी येत नाही म्हणून!

उलट टोकाला एव्हरेस्ट बेस कॅम्प. उंची 5,364 मीटर. लुक्ला, 2,860 मीटरवरचं, तिथून जाऊन-येऊन साधारण बारा दिवस धरतात. त्यात नामचे आणि दिंगबोचे या दोन ठिकाणी जादा रात्र असते. कुणी तेच नऊ दिवसांत करून देतो म्हणाला, तर त्यानं दिवस कुठून वाचवले हे वेगळं विचारायला नको, त्या दोन रात्रीच कापलेल्या असतात. लेहचं तसंच. सकाळी पुण्यात, दुपारी 3,500 मीटरवर. तिथं पहिले दोन दिवस खोलीतच किंवा बाजारात सावकाश फिरून काढायचे असतात. "दोन दिवस नुसतं झोपायला एवढे पैसे?" असं एक बाबा मला म्हणाले होते. हो, त्यासाठीच.

माहितीपत्रक हाती घेतलं की रंगीत चित्रं सोडा आणि फक्त मुक्कामाच्या उंचीचा रकाना वाचा. तो रकानाच नसेल तर फोन करून विचारा. ऑक्सिजन सिलिंडर बरोबर असतो का, एखाद्याला खाली आणावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण येतं, हेही विचारा. यूथ हॉस्टेलच्या ट्रेकला तुमच्यापैकी काही जण तरुणपणी गेला असाल. बेस कॅम्पवरचा तो एक दिवस आठवतो? उगाच टेकडीवर नेऊन आणायचे, कंटाळा यायचा. तो कंटाळा कामाचा होता.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन याच. दमा, हृदयाचा त्रास, रक्त कमी असणं, सगळं स्पष्ट सांगा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी पोरं आपापसांत चॉकलेटसारखी वाटतात. ती उपयोगी आहे, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घालू नये, आणि गोळी घेतली म्हणून दिवस कापायची मुभा मिळत नाही. झोपेची गोळी आणि दारू वर पूर्ण बंद. दारूचं वाचून दचकू नका, वीस वर्षांच्या पोरांच्या ग्रुपमध्ये हे बोलावंच लागतं.

लक्षणं तुम्हालाही माहीत हवीत, कारण फोन लागला तर तो तुम्हालाच लागणार. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, गळाठा, हा पहिला इशारा. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, आहे तिथं थांबायचं. कमी झालं नाही तर खाली. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, बोलणं असंबद्ध होतं, सरळ रेषेत पाऊल पडत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहायची नाही. सोबतीला कुणी देऊन लगेच खाली उतरवायचं. हे छातीत किंवा मेंदूत पाणी होण्याचं लक्षण असतं आणि त्यावर पहिला इलाज उतरणं हाच.

मग पोरं ही लक्षणं का लपवतात? बऱ्याचदा आपल्यामुळं. "एवढे पंधरा हजार भरलेत, पूर्ण करून ये," हे आपण कौतुकानं म्हणतो. स्टेशनावर मावशी, काका, शेजारी सगळे "फोटो टाक हं" म्हणतात. तंबूत रात्री दोन वाजता डोकं फुटायला लागलेलं असताना पोराच्या कानात तेच घुमत असतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी, घाईगडबडीत नाही, जेवायला बसल्यावर, बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, "मधनंच परत आलास तरी चालतंय. पैशाचं आम्ही बघू." आईनं सांगून भागत नाही. आई तसं म्हणणारच, हे पोरांनी धरलेलं असतं.

राखीव दिवस हवामानासाठीही लागतो. जून 2024 मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेले नऊ जण वादळी थंडीत सापडून दगावले. चूक कुणाची हे इथं बसून मी सांगणार नाही. पण चार हजार मीटरवर जूनमध्येही बर्फाचं वादळ होतं, आणि त्या दिवशी तंबूत बसून राहायला हाताशी दिवस असावा लागतो. परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं असलं की माणूस आभाळाकडं न बघता घड्याळाकडं बघून चालतो.

तयारी मात्र इथंच करायची आणि ती फुकट आहे. दोन महिने आधीपासून, पाठीवर सात-आठ किलो घेऊन, आठवड्यातून तीन-चार वेळा चढ. साताऱ्याला यवतेश्वर आहे, सज्जनगड आहे, मिरजेकडच्यांना दंडोबा. सलग दोन दिवस चालायची सवय हवी, म्हणून एक शनिवार-रविवार वाईकडं पांडवगड आणि वैराटगड करा. नवे बूट तिथंच झिजवा. यानं विरळ हवेची सवय होत नाही हे वर सांगितलंच. पण पाय दमले नाहीत तर डोकेदुखी थकव्याची की उंचीची, हे ओळखणं सोपं जातं.

जाता जाता तुमचंही बोलू. मे महिन्यात चारधामच्या गाड्या आपल्याकडूनच भरून जातात, त्यात तुम्ही असाल. गौरीकुंड 1,982 मीटर, केदारनाथ 3,583. ही चढण साठीतली माणसं एका दिवसात करतात, बीपीची गोळी गाडीतल्या बॅगेत विसरून, आणि रात्री वरच झोपतात. हेलिकॉप्टरनं गेलेल्यांना तर चालायचेही तास मिळत नाहीत. त्याला आपण ट्रेक म्हणत नाही, म्हणून रात्री मोजत नाही. पोराला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा त्याच फेरीत स्वतःचंही तपासून घ्या, आणि यात्रा कंपनीला फोन करून विचारा, गौरीकुंडात एक मुक्काम वाढवता येईल का?