सुट्टी लेकरांची, तास आमचे

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मुलं सांभाळणाऱ्या बाईचं काम जवळजवळ दुप्पट होतं, पगार मात्र शाळा सुरू असतानाचाच राहतो. पवनारहून वर्ध्याला कामाला जाणाऱ्या आम्हा बायकांना हे दरवर्षी सोसावं लागतं. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे ही ओढाताणही तितकी लांबते.

एका नोकरदार जोडप्याची दोन मुलं मी सांभाळत होते. दुपारी बाराला शाळेची व्हॅन आली की मुलांना जेवू घालायचं, निजवायचं, अभ्यासाला बसवायचं आणि पाचला मॅडम आल्या की निघायचं, असं ठरलं होतं. सुट्ट्या लागल्या तशा मॅडम म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून सकाळी आठलाच येत जा न." संध्याकाळचे पाच कधी सहा झाले ते कळलंही नाही. मग मॅडमच्या नणंदेची दोन मुलं मामाच्या गावाला आली. दोनाची चार मुलं झाली. मुलं मुलांतच रमतात, तुम्हाला काय त्रास, असं घरात सगळ्यांचं मत. पण नाश्ता चौघांचा, आंघोळी चौघांच्या, भर दुपारी कुणी उन्हात पळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं तेही चौघांसाठी. महिन्याच्या शेवटी हातात नेहमीचा पगार आणि एक साडी. साडीचा राग नव्हता, पण साडी देऊन किराणा दुकानातली उधारी फिटत नाही.

तेव्हा माझीही लेकरं घरी होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुट्टीत शाळेतली खिचडी बंद होते, म्हणजे त्यांचं दुपारचं जेवण मला पहाटे करून ठेवावं लागतं. गावाला लागून धाम नदी. पोरं पाण्यात तर गेली नसतील ना, हा घोर दिवसभर असायचा. शेवटी शेजारच्या आजींना महिन्याचे पैसे देऊन लक्ष ठेवायला सांगितलं. ते पैसे त्याच जुन्या पगारातून गेले.

म्हणून बायांनो, आधी आपला तासाचा दर काढा. समजा पाच तासांच्या कामाला महिन्याचे 5,200 रुपये ठरलेत आणि महिन्यात 26 दिवस काम आहे. तास झाले 130, दर पडला तासाला 40 रुपये. सुट्टीत तेच काम दहा तासांचं झालं, तर पगार 10,400 व्हायला हवा. ही मेहेरबानी नाही, साधा गुणाकार आहे. कारखान्यात जादा तासांना दुप्पट मजुरी द्यावी लागते, ते तर 1948 च्या कायद्यापासूनच चालत आलंय. आपण इथे दुप्पट दर मागत नाही, तोच दर मागतो. पाहुण्यांची मुलं आली तर त्यांचे पैसे वेगळे. दिवसभर थांबायचं असेल तर जेवण त्या घरी. आणि घरची मंडळी आठ दिवस फिरायला गेली म्हणून पगार कापायचा नाही. सुट्टी त्यांनी घेतली, आपण नाही.

"तुमची मुलगी पण घरीच आहे न, तिलाही आणा मदतीला," असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे. आणि बंदी नसती तरी सुट्टी तिचीही आहे.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. त्यात नोंदणी जरूर करा. पण तो कल्याणाचा कायदा आहे, तासांचा हिशेब तो करून देत नाही. हा हिशेब आपल्यालाच बोलून घ्यावा लागतो.

"परवडत नाही" हे उत्तर हमखास मिळेल. आमच्या भागात ते जुनंच आहे. 1935 साली गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. सूत कातणाऱ्या बायांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांना आठ आणे हे ध्येय असावं, असा आग्रह त्यांनी खादीचं काम बघणाऱ्या चरखा संघाकडे धरला. खादी महाग होईल, खपणार नाही, अशी भीती पुष्कळांना होती. तरी मजुरी वाढवण्याचं ठरलं. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबांनी तर कताईच्या मजुरीवर स्वतः जगून पाहिलं. पवनारच्या आश्रमात ते आले ते त्यानंतर. मजुरी किती हे ठरवताना राबणाऱ्याचं पोट आधी बघायचं, ही शिकवण या मातीतली आहे, आणि ती मला पुरेपूर पटते.

हल्ली शिकलेल्या मुली जर्मनीत ऑ पेअर म्हणून जाण्याची चौकशी करतात. एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायची, राहणं-जेवण तिथेच. तिथे आठवड्याला 30 तासांची मर्यादा आहे आणि महिन्याला 280 युरो हातखर्चाला मिळतात. त्या मुलींनाही माझं हेच सांगणं आहे: शाळांना सुट्ट्या लागल्यावर तास किती राहतील, हे निघण्याआधी करारात लिहून घ्या.

इथल्या बायांनो, सुट्टीतल्या तासांची बोलणी मार्चमध्ये करा. मुलांच्या परीक्षा तोंडावर असतात, सुट्टीतली सोय काय करायची हा विचार कामाच्या घरातही चालूच असतो. मे महिन्यात विषय काढला तर मॅडम अडचणीत येतात, आपणही चिडलेल्या असतो. आवाज चढवायची गरज नाही. मी नव्या घरी इतकंच म्हटलं, "ताई, सुट्टीत मी आठ ते सहा येईन, पण तासाच्या दराने. वहीत लिहून ठेवू, दोघी सही करू." त्यांनी थोडा विचार केला, यजमानांना विचारलं आणि वही आणली.