नगर वाचनालयाचे व्यवस्थापन आणि वाङ्मयाचा अभ्यासक

वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक नगर वाचनालयाकडे साधनांचे भांडार म्हणून पाहतो; ते कशाच्या बळावर चालते, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय-कर लावला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने तो लावला नाही. परिणामी नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (१८४०) काय किंवा कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर (१८५०) काय, अशा संस्थांची भिस्त शासकीय अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवरच राहिली. वर्गणीदार टिकवायचा तर त्याच्या आवडीची कादंबरी घ्यावीच लागते, आणि त्यात गैर काही नाही. खरी अडचण जागा अपुरी पडू लागली म्हणजे उद्भवते. निर्लेखनाची यादी देवघेवीच्या आकड्यांवरून केली, तर मासिकांचे जुने बांधीव खंड तीत हमखास सापडतात. (ते वाचवावेत म्हणून आपल्यापैकी किती जण कार्यकारी मंडळाला पत्र लिहितात?) अशी यादी मंजूर होण्यापूर्वी स्थानिक महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे मतासाठी यावी, विभागानेही दाखल नोंदवही उघडून एकेक खंड ताडून पाहावा. नोंदवहीतील शेऱ्याचा रकाना कोरा असेल, तर तो खंड कपाटात असलाच पाहिजे.